‘आपल्या आवडीनुसार’ गेलेल्या वाहिन्या : एक तक्रार पत्र

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण विभाग
(आणि तिथे कोणी वाचले नाही, तर नोडल अधिकारी)

विषय : ‘इंग्रजी मनोरंजन’ पॅकमधून विज्ञानकथा दाखवणाऱ्या वाहिन्या न कळवता काढल्याबद्दल आणि पैसे पूर्वीइतकेच घेतल्याबद्दल.

महोदय / महोदया,

मी दापोली तालुक्यात समुद्राकाठच्या एका गावात राहते. हायस्कुलात विज्ञान शिकवत होते, आता निवृत्त आहे. तुमची डिश आमच्या घरावर बरीच वर्षे आहे आणि रिचार्ज कधी चुकलेला नाही.

गेल्या महिन्यात रिचार्ज केला आणि लगेच पडद्यावर पट्टी आली, ‘आपल्या आवडीनुसार आपला पॅक अद्ययावत करण्यात आला आहे.’ मी रोज रात्री लावायची तो नंबर दाबला तर काळा पडदा. त्याच्या पुढच्या नंबरावर एक बाई नॉनस्टिक कढया विकत होत्या, त्याच्या पुढे एक गृहस्थ पुष्कराज. पॅकचे नाव अजून ‘इंग्रजी मनोरंजन’च आहे आणि किंमत एक रुपयानेही उतरलेली नाही.

माझी आवड तुम्हाला कळली कशी, हा माझा पहिला प्रश्न. डीटीएचचा सिग्नल वरून खाली येतो, माझ्या खोक्यातून परत वर काही जात नाही. इंटरनेट जोडलेले नसेल तर मी काय बघते हे तुम्हाला दिसतच नाही. प्रेक्षकसंख्या मोजतात ती निवडक घरांत बसवलेल्या मीटरवर, आणि तसला मीटर आमच्या वाडीत कोणाकडे असल्याचे मी ऐकलेले नाही. तेव्हा आवड माझी नव्हे, तुमची आहे. पट्टीवर तसे लिहायला हवे होते.

पावसाबद्दल माझी तक्रार नाही, हे मुद्दाम नोंदवते. आमच्याकडे वर्षाला साधारण ३५०० मिलिमीटर पाऊस पडतो. तुमच्या लहरी ज्या केयू बँडच्या आहेत त्यांना पावसाचे थेंब शोषतात आणि विखुरतात, त्यामुळे जुलैत ऐन वेळी चित्र फुटणार हे मी गृहीत धरलेले आहे. शेजारी तुम्हाला फोन करून शिव्या घालतात तेव्हा मीच त्यांना समजावते. पण आभाळ निरभ्र असताना काळा पडदा दिसावा, याला निसर्ग जबाबदार नाही.

कस्टमर केअरला फोन केला. पलीकडचा मुलगा सभ्य होता. म्हणाला, “मॅडम, आता असलं सगळं ॲपवर असतं, तिकडे बघा.” मी म्हटले, “बाळा, ॲपला रेंज लागते.” आमचे घर डोंगराच्या पायथ्याशी, नारळीच्या आगरात आहे. रेंज हवी तर वर सड्यावर जावे लागते. फोन करायला माणूस जातो, पण रात्री नऊ वाजता मालिका बघायला सड्यावर कोण जाऊन बसणार? फायबर आलेली आहे म्हणतात. ती पावसाळ्यात कुठे ना कुठे तुटलेली असते.

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ आले. आमच्या बाजूची झाडे, कौले, विजेचे खांब, सगळे आडवे झाले आणि कित्येक आठवडे गावे अंधारात होती. त्याच महिन्याच्या शेवटी एएक्सएन ही इंग्रजी मालिकांची वाहिनी भारतात बंद झाली. आमच्याकडे वीज येऊन डिश पुन्हा सरळ करून घेईपर्यंत ती गेलेलीसुद्धा होती. त्याच वर्षी १५ डिसेंबरला एचबीओ गेली. या काही निव्वळ विज्ञानकथांच्या वाहिन्या नव्हत्या, पण असले काही लागायची शक्यता होती ती अशाच ठिकाणी. वाहिनी बंद करणे तुमच्या हातात नसते, हे मला मान्य आहे. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, नवी दरपद्धत आली. त्याआधी गठ्ठ्यात शंभर वाहिन्या यायच्या, त्यात आमच्यासारख्यांच्या दोन-चार खपून जायच्या. प्रत्येक वाहिनीला वेगळी किंमत लागल्यावर घरात आधी मालिका, क्रिकेट आणि बातम्या येणार. आमच्या ह्यांना तर नुसत्या बातम्या पुरतात. ग्राहकाला निवड मिळाली ती चांगलीच गोष्ट, पण थोड्यांना आवडणारी वाहिनी त्या हिशेबात टिकत नाही.

हे आपल्याकडेच झाले असेही नाही. अमेरिकेत १९९२ साली खास विज्ञानकथांसाठी वाहिनी निघाली, तिचे आताचे नाव सायफाय. तिनेच २०१८ मध्ये ‘द एक्सपान्स’ तीन पर्वांनंतर सोडली. मालिकेचे कौतुक होत होते, पण वाहिनीकडे हक्क होते ते मुख्यतः प्रक्षेपणाच्या वेळी बघणाऱ्यांपुरते, आणि तसे बसून बघणारे आटले होते. पुढची तीन पर्वे ॲमेझॉनने केली. मी ती पुण्याला लेकीकडे बघितली. त्यात यानाचे इंजिन चालू असेपर्यंत माणसांचे पाय जमिनीला टेकलेले असतात, कारण यानाचा वेग सतत वाढत असतो आणि जमीनच त्यांना ढकलत असते. इंजिन बंद केले की सगळे तरंगायला लागतात. वेग वाढणे थांबले की तळव्याखालचा रेटाही थांबतो, एवढे एक वाक्य नववीच्या मुलांच्या डोक्यात उतरवायला मला फळ्यावर किती बाण काढावे लागायचे! इथे ते एका दृश्यात होते. हे दृश्य आमच्या हायस्कुलातल्या मुलांना दिसत नाही, पुण्यातल्या माझ्या नातवाला दिसते. माझी खरी तक्रार ही आहे.

१९८०च्या दशकात दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागायची, ‘स्पेस सिटी सिग्मा’ लागायची. १९९८ मध्ये ‘कॅप्टन व्योम’ आली. त्यातली यानं पुठ्ठ्याची वाटायची, तरी ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओटीवर सगळी वाडी. मुंबईला दिसायचे तेच इथे दिसायचे. उपग्रहाची गंमतच ती आहे. ३६ हजार किलोमीटरवरून त्याला दादर आणि दापोली सारखीच. भूस्थिर उपग्रहांवरून प्रक्षेपण करावे, ही कल्पना १९४५ मध्ये सविस्तर मांडली ती आर्थर क्लार्क यांनी, आणि ते विज्ञानकथा लिहीत. तुमच्या धंद्यावर या मंडळींचे थोडे तरी उपकार आहेत.

तो मुलगा आणखी एक बोलला, “मराठी लोकांना हे चालत नाही मॅडम.” त्याला सांगा, १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी टोपणनावाने गोष्ट पाठवली होती. आपले नाव बघून बक्षीस मिळू नये म्हणून. बक्षीस तरीही मिळाले. पन्नास वर्षे आम्ही मराठीत हे वाचतो आहोत.

आता मागणी. काढलेल्या वाहिन्यांचे पैसे त्या तारखेपासून माझ्या खात्यात जमा करावेत. पॅकचे नाव बदलावे किंवा त्यातल्या कढया काढाव्यात. यापुढे वाहिनी जाणार असेल तर आधी, मराठीत आणि खऱ्या कारणासह सांगावे.

आणि एक सूचना. भजने, पाककृती, जुने सिनेमे अशा तुमच्या स्वतःच्या सेवा वाहिन्या आहेतच, त्यांचे वेगळे पैसे तुम्ही घेता. तशी एक विज्ञानकथांची चालवा. दूरदर्शनच्या जुन्या मालिकांचे हक्क मागून बघा, बाहेरच्या जुन्या मालिका मराठी आवाज देऊन लावा. १९६८ मध्ये अमेरिकेत प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडून ‘स्टार ट्रेक’ आणखी एका वर्षासाठी वाचवली होती (नंतर तिला शुक्रवारी रात्री दहाची वेळ देऊन मारली, ते सोडा). इथून तेवढी पत्रे येणार नाहीत. पण महिन्याला रास्त पैसे मी देईन आणि आमच्या वाडीतली आणखी चार घरे देतील, त्यांच्या सह्या सोबत जोडल्या आहेत.

तक्रार क्रमांक आणि उत्तर दोन्ही पोस्टाने पाठवावे. लिंक पाठवू नये, उघडत नाही.

आपली,
एक ग्राहक
दापोली तालुका, जि. रत्नागिरी

सोबत : रिचार्जची पावती, पडद्यावरील पट्टीचा फोटो, शेजाऱ्यांच्या सह्या