निवळीतील प्रथिने आणि सामू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चक्का करताना निघणाऱ्या निवळीतील प्रथिने पाण्याच्या दोन थरांत विभागून वेगळी काढण्याच्या पद्धतीवरील लेख आपल्या पुरवणीत वाचला. लेखकाने सारे श्रेय पॉलिएथिलीन ग्लायकॉल या बहुवारिकाला (पॉलिमरला) दिले असून सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कतेचे माप) व क्षार यांचा विषय एका ओळीत उरकला आहे. ही उणीव मोठी आहे.

हे बहुवारिक आणि फॉस्फेट हा क्षार पाण्यात पुरेशा प्रमाणात विरघळवले की द्रावणाचे दोन थर पडतात. दोन्ही थर मुख्यतः पाण्याचेच असल्याने नाजूक प्रथिने त्यांत बिघडत नाहीत. परंतु कोणते प्रथिन कुठे जाईल, हे बऱ्याच अंशी त्यावरील विद्युतप्रभारावर अवलंबून असते आणि तो प्रभार सामूवर. (आपल्या ऊस-उत्पादकांना माती परीक्षणाच्या अहवालातील कन्नड 'रससार' म्हणजे हाच सामू.) दुधाचा सामू सुमारे ६.६ असतो, विरजणाने तो ४.६ जवळ उतरला की केसिन या दुधातील प्रमुख प्रथिनावरील धन व ऋण प्रभार समसमान होऊन दही लागते. प्रत्येक प्रथिनाला असा स्वतःचा समविद्युत बिंदू, म्हणजे दोन्ही प्रभार समसमान होण्याचा सामू, असतो.

क्षारांचे काम याहून सूक्ष्म आहे. त्यांचे आयन (प्रभारित कण) दोन्ही थरांत सारखे वाटले जात नाहीत, त्यामुळे थरांमध्ये किंचित विभवांतर (विद्युतदाबातील फरक) निर्माण होऊन प्रभारित प्रथिन एका बाजूला ढकलले जाते. स्वीडनचे पेर-ओके आल्बर्टसन यांच्या संशोधनातून पुढे आलेल्या पद्धतीत एकाच प्रथिनाची विभागणी दोन निरनिराळ्या क्षारांसह, सामू बदलत मोजतात. आलेखातील दोन्ही रेषा समविद्युत बिंदूपाशी एकमेकींना छेदतात, कारण तिथे निव्वळ प्रभारच नसल्याने विभवांतराचा जोर चालत नाही. मला तरी या विषयातील सर्वांत देखणा प्रयोग हाच वाटतो.

याचा व्यवहारातील अर्थ असा, की चक्क्याच्या निवळीचा सामू साधारण ४.५ आणि तिच्यातील प्रमुख प्रथिन बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनचा समविद्युत बिंदू ५.२ च्या आसपास असल्याने, निवळी आंबट असताना त्या प्रथिनावरील प्रभार फारसा नसतो. तो उपयोगात आणायचा तर आधी सामू ७ च्या जवळ न्यावा लागेल. खानापूर-बेळगाव भागातील एखाद्या लघुउद्योजकाने लेखातील कृती जशीच्या तशी करून पाहिली, तर त्याची निराशा होण्याचा संभव आहे. शिवाय उरलेले फॉस्फेट नाल्यावाटे मार्कंडेय नदीत गेल्यास शेवाळ माजेल, म्हणून फॉस्फेटऐवजी सहज विघटन होणाऱ्या सायट्रेटचा विचार लेखकाने पुढील भागात करावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक,
खानापूर, जि. बेळगाव