काजूची बी कुठली, ते पाकिटावर छापा

मा. संपादक,

परदेशात काजूचे दूध पिणारे आणि काजूचे चीज खाणारे वाढले आहेत, जगभरातून मागणी वाढते आहे, तेव्हा गोव्याच्या काजू बागायतदाराला आता चांगले दिवस येणार, अशा अर्थाचे लेखन अलीकडे वारंवार वाचायला मिळते. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात किराणा दुकान चालवतो, डोंगरावर आमची स्वतःची थोडी काजूची झाडे आहेत आणि हंगामात गावातल्या लोकांची बीही मीच विकत घेतो. विकणाराही मी आणि घेणाराही मी. दोन्हीकडून पाहिल्यावर मला जे दिसते ते थोडे वेगळे आहे.

माझ्या दुकानात बी पोत्याने येत नाही, पिशवीने येते. सकाळी झाडाखाली पडलेले बोंडू, म्हणजे काजूची फळे, वेचायचे, पिळा देऊन बी सोडवायची, बोंडू त्याच दिवशी फेणी गाळायच्या भट्टीवर पोचवायचे, कारण दुसऱ्या दिवसापर्यंत ते टिकत नाहीत. बीला मात्र दोन-तीन कडक उन्हे द्यायला हवीत. नीट वाळलेली बी फरशीवर टाकली की टणक आवाज येतो. मूठभर उचलून टाकली की मला वजनाआधीच कळते, कुणी थांबले आहे आणि कुणाला थांबायला सवड नव्हती. बहुतेकांना नसते. एप्रिल संपत आला की पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, घाई सुरू होते. उकडे तांदूळ, सुकी मिरची, खारे बांगडे, चिंच हे सगळे पावसाआधी घरात आले पाहिजे, आणि पाठोपाठ जूनमध्ये मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च. मग पाच-सहा किलो बी तराजूत पडते, तिची किंमत आधीच्या उधारीत वळती होते आणि उरले ते सामानात जाते. बी ओली असली तर मी वजनात घट धरतो. मी नाही धरली तर पुढचा व्यापारी माझी धरतो. हे सगळे गावात उघड आहे, त्यात लपवण्यासारखे काही नाही.

सांगायचा मुद्दा असा की हा माणूस दर वाढेपर्यंत माल ठेवू शकत नाही. ज्या दिवशी तो बी घेऊन येतो त्या दिवशी जो दर असेल, तोच त्याचा वर्षाचा दर. आणि त्या दिवशीचा दर सत्तरीत ठरत नाही.

तो कुठे ठरतो? टांझानियात काजूचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो. तिकडची बी जहाजाने आपल्याकडे येऊन पडते तेव्हा आमची झाडे अजून मोहोरात असतात. मार्चमध्ये मी पहिली पोती घेऊन एका कारखान्यात गेलो तर मालकाने गोदामाचे दार उघडून दाखवले. आत परदेशी ठशांच्या पोत्यांची थप्पी छपरापर्यंत. 'भाव करू नका, ठेवायचीच असतील तर ठेवा,' म्हणाला. आमचा हंगाम रंगात येतो तेव्हाच आयव्हरी कोस्ट, घाना अशा पश्चिम आफ्रिकेतल्या देशांचाही माल निघतो. एकटा आयव्हरी कोस्ट आज वर्षाला दहा लाख टनांच्या घरात बी पिकवतो. कच्च्या बीवरचे आयात शुल्क २०१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच टक्क्यांवरून अडीच टक्के झाले, आणि अतिगरीब देशांतून येणाऱ्या बीला तेवढेही द्यावे लागत नाही.

म्हणजे मागणी वाढली हे खरेच. पण मागणी वाढली की आहे त्या शेतकऱ्याचा भाव वाढतो, हे काही खरे नाही. जिथे जमीन मोकळी आणि मजुरी स्वस्त, तिथे ते पीक पसरते. दक्षिण अमेरिकेतल्या किन्वा या धान्याचे असेच झाले. बोलिव्हिया आणि पेरूच्या उंच पठारांवरचे हे जुने गरिबांचे धान्य श्रीमंत देशांनी डोक्यावर घेतले, संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे वर्षच त्याच्या नावे साजरे केले. भाव भराभर चढले. मग पेरूच्या किनारपट्टीवर मोठ्या शेतांत पेरणी झाली, इतर देशांनीही लावले, आणि दोन-तीन वर्षांत भाव कोसळले. पठारावरचा शेतकरी होता तिथेच राहिला.

आफ्रिकेतल्या शेतकऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. तोही माझ्या गिऱ्हाइकासारखाच पिशवी घेऊन कुणाच्या तरी तराजूपुढे उभा असणार. पश्चिम आफ्रिकेतल्याच बेनिनच्या सरकारने तर कच्ची बी बाहेर पाठवण्यावर २०२४ पासून बंदी आणली, बी फोडण्याचे काम आपल्याच देशात व्हावे म्हणून. कारखानदारालाही मी लुटारू म्हणणार नाही. साधारण चार किलो चांगल्या बीतून एक किलो गर निघतो, त्यात तुकडा किती पडतो ते वेगळेच. भाजणे, फोडणे, साल काढणे, निवडणे यांत मजुरी जाते, आणि टरफलातल्या तेलाने बायकांच्या बोटांची कातडी सोलवटते. वर्षभर कारखाना चालायचा तर नुसत्या गोव्याच्या बीवर तो चालणार नाही, हेही मान्य.

आता सरकारचे. २०२३ साली आधारभूत किंमत किलोला १५० रुपये झाली तेव्हा बाजारातला दर त्याहून बराच खाली होता, त्यामुळे निर्णय योग्यच होता. आधारभूत किंमत आणि बाजारातला दर यांतल्या फरकाची रक्कम योजनेतून शेतकऱ्याच्या खात्यात जमा होते, पण त्यासाठी लागते कृषी कार्ड आणि लागते बिल. माझ्या दुकानात उधारीत वळत्या झालेल्या बीचे बिल कुठून येणार? आणि कार्डाला जमिनीचे कागद लागतात. सत्तरीतल्या जमिनींचा घोळ आपल्या वाचकांना सांगायला नको. आजोबाने लावलेल्या झाडाची बी नातू वेचतो, पण एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर नाव भलत्याचेच, नाहीतर वनखात्याचे. बेणणी त्याची, वणव्यापासून राखण त्याची, माकडांनी आणि ढेकण्या किडीने केलेले नुकसान त्याचे. फक्त योजना त्याची नाही.

बोंडूच्या रसापासून गाळल्या जाणाऱ्या फेणीबद्दल थोडेच लिहितो. २००९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले, आज सुंदर बाटल्यांतून ती महागड्या हॉटेलांत जाते, आनंद आहे. बोंडू मात्र अजून डब्याच्या मापाने विकले जातात आणि डब्याचा भाव भट्टीवाला सांगेल तो.

पण बीच्या बाबतीत एक गोष्ट सहज करता येण्यासारखी आहे. गोव्याच्या काजूलाही २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरी म्हापशाच्या बाजारात किंवा कळंगुटच्या रस्त्यावर पर्यटक ज्या पाकिटावर 'गोव्याचा काजू' वाचून पैसे मोजतो, त्यातली बी कुठली हे त्याला कळायची सोय नाही. गोव्यात फोडली, गोव्यात भरली, एवढ्यावर ती गोव्याची होते. माझ्या मते प्रत्येक पाकिटावर बी कुठल्या देशात पिकली ते ठळक छापणे सक्तीचे करावे. टांझानियाची असेल तर टांझानिया लिहा, लाजण्यासारखे त्यात काही नाही, खाणारे खातील. ज्याला सत्तरीचा, सांग्याचा, काणकोणचा काजू हवा आहे तो दोन पैसे जास्त देऊन तो मागेल. आणि असे गिऱ्हाईक वाढले की कारखानदाराला आमची बी वेगळी घ्यावी लागेल, वेगळी साठवावी लागेल, तिला वेगळा दर द्यावा लागेल. आज त्याला तशी गरजच नाही. पोती कुठलीही असोत, गर एकाच पाकिटात जातो.

दुसरी मागणी माझ्यासारख्या दुकानदारांबद्दल. आम्हाला नोंदणी करून खरेदीचे अधिकृत बिल फाडायची मुभा द्या, आणि ज्यांच्या नावावर जमीन नाही पण जे वर्षानुवर्षे बाग राखत आले आहेत, त्यांना पंचायतीच्या दाखल्यावर योजनेत घ्या. आमच्या वह्यांत सगळे लिहिलेले असते, कोण कधी किती किलो घेऊन आला ते. तपासायला या, दाखवतो. मात्र हे ठरायचे असेल तर फेब्रुवारीच्या आत ठरावे. एकदा बोंडू पडायला लागले की कुणालाच फॉर्म भरायला वेळ नसतो, आणि पाऊस लागल्यावर आलेली योजना पुढच्या वर्षाचीच धरावी लागते.

आपला,
एक दुकानदार व काजू बागायतदार
सत्तरी, गोवा