मधूच्या अक्षराची डिस्क

प्रिय विनू,

तुझी दोन पत्रं येऊन पडली आहेत आणि मी एकालाही उत्तर दिलेलं नाही. त्यातलं पहिलं तर तुझ्या ऑपरेशनच्या आधीचं, म्हणजे बघ. रागावला असशील तर रागाव. पण हे पत्र शेवटपर्यंत वाच, कारण यातलं मी दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही. घरी सांगायला गेलो तर ‘सीडीवरचं लेबल तर उडालंय, गाणं-बिणं शाबूत आहे ना?’ असं विचारतील, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

माईच्या आवाजाची मधूची डिस्क पुसट झाली आहे. लाइटस्क्राइबवाली, जिचं लेबल ड्राइव्हच्या लेझरनेच वर उमटवलेलं, मधूच्या अक्षरात: ‘माई बोलतेय. हळू ऐका.’ त्यातलं ‘हळू ऐका’ जवळजवळ गेलं.

आणि ते माझ्यामुळे गेलं. मधू गेला त्या आठवड्यात मी ती पाकिटातून बाहेर काढली आणि खिडकीशेजारच्या शेल्फवर उभी करून ठेवली, येता-जाता त्याचं अक्षर दिसावं म्हणून. नऊ वर्षं ती तिथेच होती. पुढे कधीतरी तिला टेकून जाडा शब्दकोश ठेवला गेला. परवा शेल्फ आवरताना तो उचलला आणि हातच थांबला. डिस्कवर एक तिरकी रेघ, पट्टीने आखावी तशी. रेघेच्या अलीकडे, शब्दकोशाच्या सावलीत, तोच जुना सोनेरी रंग आणि त्यावर काळसर अक्षरं, परवाच बर्न केल्यासारखी. पलीकडे मात्र नुसता फिकटपणा. प्रकाशात तिरपी धरली तर ‘ऐका’ची मात्रा कुठे होती ते कळतं, एवढंच.

तू म्हणाला होतास. मला शब्द न् शब्द आठवतो. आपण तिघं खाली बसलो होतो, सगळीकडे कोऱ्या सीड्यांची पाकिटं पसरलेली, आणि तू म्हणालास, ‘हे लेबल उन्हात ठेवायचं नाही, अंधारात ठेवायचं, हा रंग उजेडाने जातो.’ त्यावर मी म्हटलं, ‘मग लेबल करायचंच कशाला, अंधारात कोण वाचणार आहे?’ तिथून जे जुंपलं ते पहाटेपर्यंत. मी मार्करच्या बाजूने, तू लाइटस्क्राइबच्या. मार्करच्या शाईतला द्रावक सीडीला चालत नाही, कारण सीडीत माहितीचा थर लेबलाच्या बाजूलाच, लाखेच्या पातळ थराखाली असतो, हे तू तीनदा सांगितलंस. डीव्हीडीत तो 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधोमध सुरक्षित असतो, हेही. मी चिकटवायच्या लेबलांचं नाव काढलं तेव्हा तर तू उठून उभाच राहिलास! शरूताईच्या त्या सीडीचं लेबल एका बाजूला सुटून ड्राइव्हमध्ये कसं फडफडलं होतं, त्याचा आवाज तू तोंडाने काढून दाखवलास, आणि आतल्या खोलीत झोपलेली माई जागी झाली. आज मान्य करतो, त्या रात्री तुझं प्रत्येक म्हणणं बरोबर होतं. हे कागदावर लिहून देतोय, जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

पंचवीस प्रती. मधूने कागदावर लिहिलेलं आपण स्कॅन केलं आणि तू ते डिस्कवर असं बसवलंस की ‘माई’तल्या ‘ई’ची शेपटी मधल्या भोकाला वळसा घालून खाली उतरावी. अक्षर सगळ्या चकतीभर पसरलं होतं, म्हणून नुसत्या शीर्षकाच्या छोट्या पट्टीवर भागणार नव्हतं, पूर्ण लेबलच बर्न करायला लागत होतं. एकेका डिस्कला अर्धा तास. आधी आवाज बर्न करायचा, मग ट्रे बाहेर, डिस्क पालथी, ट्रे आत. मधू दर वेळी म्हणायचा, ‘हळू, कूस बदलतेय ती.’ सहाव्या-सातव्या डिस्कपर्यंत आपण हसत होतो, मग झोपेने हसूही येईना. एकदा मी ती न उलटताच आत सारली आणि स्क्रीनवर सूचना आली की डिस्क पालथी करा. तू म्हणालास, ‘बघ, यंत्रालाही कळतं.’

त्याला कसं कळतं ते मला तू त्याच रात्री दाखवलंस, ते मी विसरलेलो नाही. मधल्या भोकाभोवती बारीक आऱ्यांसारख्या खुणांचं कडं असतं. ड्राइव्ह ते वाचतो, म्हणून त्याला कळतं की ही लाइटस्क्राइबची चकती आहे आणि आत्ता ती नेमकी कुठल्या कोनात आहे. मग सीडी लिहिणारा तोच 780 नॅनोमीटरचा अवरक्त लेझर वरच्या रंगाच्या थराला ऊब देतो आणि ऊब लागेल तिथे रंग काळवंडतो. शाई नाही, कागद नाही. आतून बाहेर, एकेका वर्तुळाने. आपण तर हे छापणं म्हणायचोही नाही, ‘भाजणं’ म्हणायचो.

आता मुद्दा. त्या कड्यामुळेच तेच लेबल त्याच डिस्कवर पुन्हा बर्न करता येतं आणि ते जागच्या जागी बसतं, उलट अधिक गडद होतं. तू नवव्या डिस्कवर हे करून दाखवलं होतंस, कारण ती फिकी आली होती. म्हणजे तुझ्याकडे लेबलची मूळ फाइल असेल आणि ड्राइव्ह अजून चालत असेल, तर ‘हळू ऐका’ परत आणता येईल. मधूचा कागद मला सापडला आहे, पण नुसत्या कागदावरून काही होणार नाही. तू ते अक्षर चकतीवर किती फिरवून, किती मोठं करून बसवलंस ते त्या फाइलमध्येच आहे. केसभर जरी सरकलं तरी जुन्या अक्षराच्या शेजारी नवं अक्षर उमटेल, आणि सावली पडल्यासारखं दिसेल. ते मला सहन होणार नाही.

आवाजाची काळजी करू नकोस. परवाच पहिलं काम ते केलं. सगळी बहात्तर मिनिटं उतरवून घेतली, एकही जागा अडखळली नाही, तीन ठिकाणी ठेवली आहेत. माई सुरक्षित आहे. मला झोप लागत नाही ती मधूच्या अक्षरासाठी.

आणि आता ते सांगतो ज्यासाठी खरं तर हे पत्र आहे. माझी प्रत कुठली ते आठवतंय? तू बाद केलेली. लेबल बर्न करण्याआधी मधूचा अंगठा तिच्या वरच्या बाजूला लागला होता, घामेजलेला, आणि पुसायचं राहिलं. तिथे रंग नीट उठला नाही. तू म्हणालास, ‘ही फुकट गेली, नवी घे.’ त्यावर मधू तुझ्याशी असा भांडला की बस. कोरी सीडी म्हणजे झाडाचं पान आहे का, वगैरे. शेवटी त्याने ती माझ्या हातात कोंबली आणि म्हणाला, ‘खराब माल जयूला.’ विनू, तो ठसा अजून आहे. ‘बोलतेय’च्या ‘य’वर. काल दुपारी भिंग घेऊन बसलो होतो. रेषा दिसतात रे. वळणावळणाच्या, एका बाजूला जरा फराटलेल्या, कारण त्याने डिस्क फिरवून धरली असणार. तो सावलीच्या बाजूला आहे म्हणून वाचला.

तेच लेबल पुन्हा भाजलं तर ‘य’सुद्धा पुन्हा भाजला जाईल. मग ठशाच्या जागी रंग भरेल. अक्षर परत येईल आणि अंगठा जाईल.

दोन दिवस मी यातच फिरतोय. अक्षर त्याने पंचवीस वेळा दिलं, अंगठा फक्त एकदाच. मग वाटतं, राहू दे, फिकं तर फिकं. पुन्हा वाटतं, डोळ्यांदेखत निम्मं वाक्य जाऊ द्यायचं का? काल रात्री एक सुचलं, ते तू तपासून सांग. जिथे चित्र पांढरं असेल तिथे लेझर काही करत नाही, बरोबर? मग फाइलची एक नक्कल घेऊन त्यातला ‘माई बोलतेय’ हा सगळा भाग पांढरा केला आणि फक्त ‘हळू ऐका’ जागच्या जागी ठेवलं, तर ठशाला लेझर लागणारच नाही. चकतीचा आकार, मध्य, काही हलवायचं नाही, नुसतं पांढरं करायचं. जमेल का? आधी तुझ्या बाद डिस्कांपैकी एखादीवर करून बघू. त्या तू ठेवल्या असशीलच, तू काहीच टाकत नाहीस. लाइटस्क्राइबच्या कोऱ्या चकत्या आता बनत नाहीत, त्यामुळे माझ्या डिस्कवर पहिला प्रयोग नको.

तेव्हा ड्राइव्ह शोध. तो काळा, बाहेरून जोडायचा, ज्याचा ट्रे दाबून बंद करावा लागायचा. फाइल तुझ्या जुन्या कॉम्प्युटरवर असणार. सॉफ्टवेअरही त्याच कॉम्प्युटरवर असेल तर ते काढू नकोस, कारण लाइटस्क्राइबचं अधिकृत संकेतस्थळ 2013 मध्येच बंद झालं. 2004 च्या जानेवारीत एचपीने हे तंत्र जाहीर केलं तेव्हा तू मला रात्री उठवून सांगितलं होतंस. दहा वर्षं पण नाही टिकलं रे. त्याच्याआधी यामाहाचा 2002 चा तो डिस्क टॅटू, सीडीच्या खालच्या बाजूला उरलेल्या जागेत चित्र काढणारा, तोही तुला हवा होता आणि तू पैसे जमवेपर्यंत यामाहाने तो धंदाच सोडला. मग तसंच दुसरं, लेबलफ्लॅश आलं, त्याचा निळा रंग बघून मधूने तोंड वाकडं केलं, आठवतं? म्हणाला, ‘माई निळ्यात नको, सोनेरीत हवी.’ बरं झालं त्याने हट्ट धरला.

तुझी प्रत कशी आहे? अंधारात असणार, धडधाकट असणार. पण ती मला देऊ करू नकोस. तू देशील हे माहीत आहे म्हणून आधीच सांगतोय. फक्त पाकिटातून काढून एकदा बघ आणि कळव.

बाकी इकडे ठीक. गुडघा तसाच, रक्तदाब गोळीवर. तुझी जखम भरली ना आता? धाकटीच्या नोकरीचं शरूताईकडून कळलं, फार बरं वाटलं, तिला माझा आशीर्वाद सांग. आणि वहिनींनी जे विचारलं होतं त्याचं उत्तर ‘हो’ असं आहे, उशिरा का होईना.

ड्राइव्ह सापडला की लगेच कळव. पार्सल करू नकोस, धक्क्याने लेन्स बिघडेल. डिस्क घेऊन मीच येतो.

तुझा,
जयू

ता. क. डिस्क आता काळ्या कागदात गुंडाळून कपाटाच्या खालच्या खणात ठेवली आहे. हे पत्र लिहिताना दोनदा काढून बघितली. दिवा बंद करून, फक्त दारातून येणाऱ्या उजेडात.