नोकरी बदलताना बाळंतपणाचे संरक्षण का तुटावे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात राहते आणि गेली नऊ वर्षे खासगी कंपन्यांच्या लेखा विभागांत काम करते. गेल्या वर्षी फेब्रुवारीत, मला दिवस जाऊन जेमतेम दोन महिने झालेले असताना, आमच्या विभागाचे काम बाहेरच्या संस्थेकडे देण्याचे ठरले आणि आम्हा सात जणांकडून राजीनामे लिहून घेण्यात आले. तिसरा महिना सरेपर्यंत बाहेर वाच्यता करू नये, या आईच्या शिस्तीमुळे कार्यालयात कोणालाही कल्पना नव्हती. त्यामुळे गरोदर आहे म्हणून मला काढले, असे माझे म्हणणे नाही आणि हे पत्र त्या कंपनीविरुद्धचे गाऱ्हाणेही नाही. तक्रार आहे ती नियमांबद्दल, आणि नियम सगळ्यांसाठी सारखेच असल्याने ती जाहीरपणे मांडावीशी वाटली.

३१ मार्चला संध्याकाळी मी लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा केले आणि त्याच रात्री बारा वाजता माझे मेडिक्लेमचे कवच संपले. कंपनीच्या समूह पॉलिसीत बाळंतपणाचा खर्च पहिल्या दिवसापासून मान्य होता आणि सिझेरियनसाठी ७५ हजारांची मर्यादा होती. चार वर्षांत मी त्या पॉलिसीवर एक रुपयाचाही दावा केलेला नव्हता. यजमानांचा स्वतःचा छोटा व्यवसाय असल्याने घरात दुसरी पॉलिसी नव्हती. तेही माझ्याच पॉलिसीत होते. नोकरी सुटल्यावर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक योजनेत जाण्याची सोय असते, हे वाचलेले असल्याने मी तसा अर्ज केला. मला घेऊ शकेल अशा योजनेत प्रसूतीचा लाभच नाही, असे उत्तर आले. इतर कंपन्यांच्या वैयक्तिक पॉलिसींत तो लाभ असला तरी त्यासाठी साधारण दोन ते चार वर्षे थांबावे लागते, आणि आधीच गरोदर असलेल्या स्त्रीला तर बहुतेक ठिकाणी ‘बाळंतपण झाल्यावर या’ असेच सांगतात. पोर्टेबिलिटीचा, म्हणजे जुन्या पॉलिसीचे श्रेय घेऊन दुसऱ्या विमा कंपनीकडे जाण्याचा, सल्ला अनेकांनी दिला, पण त्यासाठी नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करावा लागतो आणि नोकरी सुटण्याची तारीख काही नूतनीकरणाची तारीख पाहून येत नाही.

एप्रिल ते जून मी नोकरी शोधत होते. मुलाखती बहुतेक व्हिडिओवर होत, आणि कॅमेरा खांद्याच्या वरच राहील अशी खुर्ची मी सरकवून घेत असे, हे लिहिताना आजही संकोच वाटतो. लपवाछपवी पटत नव्हती, म्हणून पगाराची बोलणी सुरू होण्यापूर्वी मी स्वतःहून सांगत असे. त्यानंतर ‘कळवतो’ हा शब्द मी निदान सहा वेळा ऐकला आणि त्यातल्या एकाही ठिकाणाहून पुन्हा काही कळवण्यात आले नाही. एका कंपनीने मुलाखतीआधीच भरायला पाठवलेल्या अर्जात ‘शेवटच्या पाळीची तारीख’ असा रकाना होता. वास्तविक १९९१ साली नीरा माथुर विरुद्ध आयुर्विमा महामंडळ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोकरीच्या अर्जातले असले रकाने लाजिरवाणे ठरवून काढून टाकायला सांगितले होते. पुढे भारतीय स्टेट बँकेने तीन महिन्यांहून अधिक गरोदर असलेल्या उमेदवारांना तात्पुरते अपात्र ठरवणारी सूचना काढली आणि चौफेर टीका झाल्यावर २९ जानेवारी २०२२ रोजी ती स्थगित ठेवली. म्हणजे सार्वजनिक संस्थेला निदान जाब विचारता येतो. खासगी कंपनीतला ‘कळवतो’ कोणत्याच कागदावर येत नसल्यामुळे त्याला स्थगितीही देता येत नाही.

अखेर एका लहान कंपनीने सातव्या महिन्यात असलेल्या मला १ जुलैपासून घेतले. त्या कंपनीचे आभार मानावेत तेवढे थोडे आहेत, आणि तरीही खरी गाठ तिथेच पडली. प्रसूतीची अपेक्षित तारीख १४ सप्टेंबर होती. पगारी प्रसूती रजेसाठी अपेक्षित तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेले असावे लागते, आणि तेही ज्या मालकाकडे रजा मागायची त्याच्याच आस्थापनेत. १ जुलैपासून १३ सप्टेंबरपर्यंतचे सगळे रविवार आणि सुट्ट्या धरल्या तरी दिवस भरतात ७५. त्याआधी मार्चअखेरपर्यंत मी सलग काम करत होते, पण ते दुसऱ्या मालकाकडे, म्हणून हिशेबात धरायचे नाही. जुन्या मालकाकडे मागावे, तर तिथे स्वतःच्या सहीचा राजीनामा दिलेला. १९६१चा प्रसूती लाभ कायदा आता २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे, तरी ही अट जवळपास त्याच शब्दांत कायम आहे. २०१७च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली, याचे आपण सर्वांनी कौतुक केले. तिच्या दारातला हा उंबरठा मात्र कोणी हलवला नाही. त्यातली विसंगती अशी, की प्रसूतीनंतरचे सहा आठवडे स्त्रीला कामावर घेण्यास कायद्याचीच मनाई आहे आणि ती मनाई सर्वांना लागू आहे. म्हणजे कायदा मला सहा आठवडे घरी बसवतो आणि त्याच सहा आठवड्यांचा पगार द्यायला मात्र पाच दिवस कमी पडले म्हणून नकार देतो. नव्या कंपनीने तीन महिन्यांची बिनपगारी रजा दिली. तिच्यावर एवढेही बंधन नव्हते.

विम्याचेही तसेच झाले. नव्या कंपनीत माणसे थोडी असल्याने तिच्या समूह पॉलिसीत बाळंतपणासाठी नऊ महिन्यांचा प्रतीक्षा काळ आहे. जुन्या पॉलिसीतली माझी चार वर्षे इथे धरली गेली नाहीत, कारण एका समूहातून दुसऱ्या समूहात जाताना प्रतीक्षा काळाचे श्रेय सोबत येत नाही. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आमच्याकडे रीत आहे आणि सांगलीत खर्चही कमी आला असता. पण नवी नोकरी सोडून आठव्या महिन्यात जाणार कशी, म्हणून आईच पुण्याला आली. सिझेरियनचे बिल एक लाख अठरा हजार झाले. मुलीला कावीळ झाल्याने दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवावे लागले, त्याचे वेगळे पैसे भरले, कारण बाळाचे नाव पॉलिसीत ९१व्या दिवसानंतर घालता येते. डिस्चार्जच्या वेळी खिडकीवरच्या मुलीने सवयीने विचारले, “कॅशलेस आहे ना?” यजमानांनी नुसती मान हलवली आणि कार्ड पुढे केले.

याच सुमारास नात्यातल्या एका मुलीची हकिकत कळली. ती बारामतीजवळ तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाईकाम करते आणि तिनेही पाचव्या महिन्यात एक कारखाना सोडून दुसरा धरला होता. तिचा पगार २१ हजारांच्या आत असल्याने ती कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या ईएसआयमध्ये आहे. तिथे मागच्या दोन सहामाही वर्गणी कालावधींत मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली असली, की २६ आठवड्यांचा लाभ मिळतो. वर्गणी कोणत्या मालकाने भरली हे कोणी विचारत नाही, कारण विमा क्रमांक कामगाराचा असतो आणि तो तिच्याबरोबर फिरतो. तिला सगळे पैसे मिळाले. तिच्या दुप्पट पगार घेणाऱ्या मला काही मिळाले नाही, तरी तिला मिळाले याचा मला आनंदच आहे. सांगायचे इतकेच, की मी जे मागते आहे ते आपल्याच देशात अनेक वर्षे सुरळीत चालू आहे.

दोन्ही व्यवस्थांमधला फरक पैसे कोण देतो, यात आहे. ईएसआयमध्ये मालक ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के वर्गणी भरतो आणि लाभ त्या सामायिक निधीतून दिला जातो. २१ हजारांच्या वर मात्र २६ आठवड्यांचा सगळा पगार एकट्या मालकाच्या खिशातून जातो. मग त्याने गरोदर उमेदवाराला ‘कळवतो’ म्हणावे यात नवल नाही. मुंबई प्रांताने प्रसूती लाभाचा कायदा १९२९ सालीच केला. त्याच्या विधेयकावर २८ जुलै १९२८ रोजी कायदे मंडळात बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, मातेला मिळणारी विश्रांती राष्ट्राच्या हिताची असल्याने हा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा, अशी भूमिका घेतली होती आणि मालकालाही त्यातून पूर्णपणे मोकळे सोडले नव्हते. जवळपास शंभर वर्षांनंतर आपण सगळा भार मालकावर टाकला आणि तो टाळण्याची वाटही त्यालाच दाखवून ठेवली.

केंद्रीय श्रम मंत्रालयाने ८० दिवस मोजताना आधीच्या मालकाकडचे दिवस धरावेत आणि त्यातून येणारा खर्च सामायिक निधीतून भागवावा. पगारातून त्यासाठी थोडी वर्गणी कापली गेली तरी माझ्यासारख्या अनेकींची हरकत नसेल. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये आधीच्या आजारांसाठीचा कमाल प्रतीक्षा काळ ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणला, म्हणजे असे बदल त्याच्या हातात आहेत. एका समूह पॉलिसीतून दुसरीत जाताना बाळंतपणाच्या प्रतीक्षा काळाचे श्रेय पुढे न्यावे, एवढाच नियम त्याने करावा. तोवर नोकरीचे पत्र स्वीकारण्यापूर्वी नव्या कंपनीच्या पॉलिसीची मूळ प्रत मागून घ्यावी, असे मी ओळखीच्या मुलींना सांगते. मला ती रुजू झाल्यावर तिसऱ्या दिवशी मिळाली.

माझा नऊ महिन्यांचा प्रतीक्षा काळ येत्या ३१ मार्चला पूर्ण होतो. मुलगी तेव्हा साडेसहा महिन्यांची असेल.

आपली,
एक वाचक, पुणे
(नोकरीत असल्याने नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)