ताई, त्या दिवशी माझ्या पोराचा हात चुकला नव्हता

ताई, नमस्कार.

ड्रोनच्या मदतीबद्दल फोनवर तुम्हाला थँक्यू म्हणलं होतं पण मळ्यात रेंज जात येत होती, तुम्हाला सेकंड शिफ्टला निघायचं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाच नीट बोलता आलं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हीच नको म्हणालात, पण गिरणाऱ्याकडच्या त्या मळ्यातले चार लोक हे वाचलं की लगेच ओळखतील आणि ओळखलंच पाहिजे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माझा मुलगा नववीत आहे, नाशिकला सिडकोत राहतो आम्ही. मे महिन्याच्या सुट्टीत दोघांनी मिळून ड्रोन बांधला, एफ४५० फ्रेम, २२१२ च्या ९२० केव्हीच्या मोटर, दहा इंची पंखे, ड्रोनचा मेंदू म्हणजे पिक्सहॉक बोर्ड, त्यात आर्डूपायलट सॉफ्टवेअर, तीन सेलची लिपो बॅटरी. सोल्डरिंग सगळं त्याने केलं, मी फक्त वायर धरल्या. बॅटरीसकट वजन साधारण दीड किलो भरलं म्हणजे नियमाने मायक्रो गटात, मग रजिस्ट्रेशन आलं, सरकारच्या डिजिटल स्काय साइटवर कुठे उडवता येतं त्याचा नकाशा बघणं आलं. आपल्याकडे एका बाजूला देवळालीचा तोफखाना आणि दुसऱ्या बाजूला ओझरचं विमानतळ, त्यामुळे नाशिकमध्ये नकाशा न बघता कुठेही उडवायला जाऊच नये, हिरव्या झोनमध्ये पण ४०० फुटाच्या वर नाही. आम्ही नकाशा बघून मित्राच्या मळ्यात जायचो, आणि ताई तुम्ही त्या मित्राच्या थोरल्या बहीण, दिवाळीला माहेरी आलेल्या.

ड्रोन उडायचा पण कधी सरळ उडला नाही. हवेत गेला की नाक डावीकडे वळायचं. लॉइटरला टाकला म्हणजे जीपीएसवर एका जागी उभा राहायला सांगितला की गोल गोल फिरायला लागायचा, आधी हातभर गोल मग मोठा मग अजून मोठा, शेवटी घाबरून मोड बदलावा लागायचा. मी काय केलं तर रोज रात्री व्हिडिओ बघून पीआयडीचे, म्हणजे ड्रोन तोल किती जोरात सावरतो त्याचे आकडे बदलत बसलो. एका दुकानात विचारलं तर ते म्हणाले फ्लाइट कंट्रोलरच म्हणजे तो बोर्डच गेलाय, नवीन टाका. आणि मधल्या काळात मी माझ्या मुलाला सारखं म्हणत होतो की तुझा हात स्थिर नाही, तू रिमोटची स्टिक हलवतोस, नीट धर. दर रविवारी हेच. ऑक्टोबरपर्यंत तो "आज अभ्यास आहे" म्हणायला लागला होता.

त्या दिवाळीच्या रविवारी छाटणी होऊन महिना झालेला, मांडवावर कोवळी फूट आलेली. ऑल्टहोल्डमध्ये, म्हणजे उंची बोर्डच धरून ठेवतो त्या मोडमध्ये, ड्रोन चार एक मीटरवर उभा होता आणि एकदम वर निघाला. कोणी काही न करता. मी ओरडलो उतरव उतरव, तो म्हणतोय पप्पा मी काहीच केलं नाही, मी त्याच्या हातातून रिमोट ओढला, स्टॅबिलाइजला टाकला, त्यात उंची आपल्याच हातात असते, आणि थ्रॉटल म्हणजे मोटरच्या जोराची काडी पार खाली. दगड पडतो तसा पडला, द्राक्षाच्या मांडवात. तारांनी झेलला म्हणून वाचला, ड्रोनचा मागचा उजवा हात, म्हणजे मोटर बसते तो दांडा, मोडला, दोन पंखे गेले, एक पंखा अर्धा वेलीत रुतून बसलेला आणि बाकीच्या मोटर अजून गुरगुरत होत्या. मी सगळ्यांसमोर पोराला बोललो. काय बोललो ते इथे लिहित नाही, तुम्ही ऐकलंय.

तुम्ही पडवीतून आलात, पहिलं वाक्य "आधी बॅटरी काढा", ती स्वतःच्या हाताने काढली. दुसरं वाक्य "दादा, वर जायच्या आधीच आवाज फाटला होता, पोराला ओरडू नका, याची काही नोंद राहते का कुठे?"

नोंद राहते, बोर्डातल्या एसडी कार्डवर प्रत्येक उड्डाणाचा लॉग असतो, मला ते माहीत होतं. सहा महिन्यात एकदाही उघडला नव्हता.

मग बाजेवर लॅपटॉप, बाजूला फराळाचं ताट, आणि तुम्ही माझ्याशी न बोलता त्याला विचारलं की बाळा, तुझ्या थ्रॉटलच्या काडीची रेघ कुठली? त्याने मिशन प्लॅनरमध्ये, म्हणजे लॉग बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये, रिमोटचं तिसरं चॅनल काढून दाखवलं. उंचीची कुठली? ती पण काढली. दोन रेघा एकावर एक. उंचीची रेघ जिन्यासारखी वर चाललेली आणि काडीची रेघ १५०० वर, मधोमध, सरळ, सुतळी ताणल्यासारखी. तुम्ही बोट ठेवलंत आणि म्हणालात, हे बघ, तुझा हात हललाच नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. पुढे अजून एक गोष्ट त्याच रेघेत दिसत होती, मोड बदलला तो क्षण आणि काडी एकदम तळाला, म्हणजे पाडला कोणी ते पण लिहिलेलं होतं. तुम्ही त्यावर काही बोलला नाहीत. मी त्या रात्री गाडीवर घरी येताना एबीबी सर्कलच्या सिग्नलला थांबून त्याला सॉरी म्हणलं. ताई, बाकी सगळं एका बाजूला, पहिले आभार ह्याचे आहेत.

आता बाकीचं, कारण हे दुसऱ्या कोणाच्या पण कामाला येईल.

तुम्ही अंबडला मेंटेनन्समध्ये, दिवसभर मशीनची थरथर मोजणं हेच काम, ड्रोन तुम्ही कधी उडवला नाही. पण लॉगमध्ये व्हायब्रेशनचं पान असतं कळल्यावर तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत. नुसतं हवेत उभं असताना आकडा ३० च्या खाली पाहिजे, आमचा उभ्या दिशेचा ५५-६० ला. आणि सेन्सर त्याच्या मर्यादेबाहेर किती वेळा हादरला ते मोजणारा क्लिपिंग नावाचा आकडा असतो तो शून्य राहायला हवा, आमचा शेकड्यात गेलेला. म्हणजे बोर्डातला सेन्सर इतका हादरत होता की त्याला वर खाली काही कळेना, त्याला वाटलं आपण पडतोय, म्हणून मोटरना जोर दिला, म्हणून वर गेला. मी सहा महिने ज्याला पोराचा हात समजत होतो ते हे होतं.

पुढच्या रविवारी आम्ही नवीन हात लावून आलो तेव्हा तुम्ही आधी चारही पंखे काढायला लावले आणि म्हणालात, पंखे लावून टेबलावर मोटर फिरवायची नाही म्हणजे नाही. मग मोटर टेस्टमध्ये एकेक मोटर, ए म्हणजे पुढची उजवी आणि तिथून घड्याळाच्या दिशेने बी सी डी. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरच्या बुडाला आणि मूठ कानाला. ए ला तुम्ही मान हलवली, बी ला हलवली, सी ला थांबलात आणि स्क्रूड्रायव्हर पोराच्या कानाला लावलात. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. "आत्या, वाळू आहे आत." खरंच बेअरिंग खरखरत होतं, ती मोटर जूनमध्ये एकदा मातीत पडली होती, आम्ही फुंकर मारून परत लावली होती. मोटर बदलली. पंख्यांचा तोल पण तुम्हीच शिकवलात, दोन स्टीलच्या ग्लासवर आडवी बारीक सळई, तिच्यात पंखा, जड पातं खाली जातं, मग हलक्या पात्याच्या मागे सेलोटेपचा तुकडा, परत बघायचं, परत तुकडा. चार पंख्यांना दीड तास गेला. बोर्ड आम्ही पातळ कडक टेपने चिकटवला होता तो काढून चार कोपऱ्यांना फोमचे चार तुकडे, आणि वायरी ताणलेल्या होत्या त्या सैल केल्या, वायरीतून पण थरथर येते हे मला पटलं नव्हतं, लॉग बघून पटलं. आकडा १५ च्या आत आला.

आणि हे सगळं एका दमात नाही करू दिलंत. एक बदल, एक उड्डाण, एक लॉग, वहीत ओळ. मी म्हणायचो ताई आता कंपासचं, म्हणजे दिशा सांगणाऱ्या सेन्सरचं पण उरकून टाकू, तुम्ही म्हणायचात मग कशाने बरं झालं ते कसं कळणार? वही पोराची, अक्षर त्याचं. माझे पीआयडीचे खेळ तर तुम्ही पहिल्याच ओळीला बंद केलेत, त्यातला रोलचा, म्हणजे डावीउजवीकडे कलण्याचा पी मी ०.२ करून ठेवला होता तो परत मूळच्या ०.१३५ वर, बाकीचे पण मूळचे. ड्रोन उतरल्यावर मोटरना हात लावला की चटका बसायचा, त्या तेवढ्यानेच निवळल्या.

नाक डावीकडे का वळतं ते पण रेघांनीच सांगितलं. हवेत स्थिर असताना चारही मोटरना जवळजवळ सारखा जोर जायला पाहिजे. आमच्याकडे एक आणि दोन नंबर (हे बोर्डाचे नंबर, ए बी सी डी चा क्रम वेगळा) १६०० च्या आसपास आणि तीन चार १४०० ला, म्हणजे कर्णावरची एक जोडी राबतेय आणि दुसरी आराम करतेय. एक दोन उलट्या घड्याळाच्या दिशेने फिरतात, त्यांनी जोर लावला की अंग उजवीकडे वळतं, म्हणजे बोर्ड बिचारा सगळा वेळ उजवीकडे ओढत होता कारण कुठलीतरी मोटर त्याला डावीकडे ढकलत होती. मी परत बोर्डाला नावं ठेवणार तेवढ्यात तुम्ही खाली वाकलात, डोळा पंख्याच्या पातळीत आणलात आणि समोरच्या पंख्याशी जुळवून बघितलंत. पुढच्या डाव्या पंख्याचं एक टोक काडेपेटीतल्या काडीच्या जाडीएवढं खाली. खालच्या प्लेटचा एक स्क्रू नुसता फिरत होता, आटे गेलेले, त्यामुळे तो अख्खा हात जरासा पिळला गेला होता. तो हात पण बदलला. आता चारही मोटर १४८० ते १५१० मध्ये आहेत.

राहिलं गोल गोल फिरणं. याला ड्रोनवाले टॉयलेट बाउल म्हणतात आणि जवळजवळ दर वेळी कारण कंपास असतो एवढं मी वाचलेलं होतं, पण का ते मला समजलं नव्हतं आणि पोराला मी समजावू शकलो नव्हतो. तुम्ही त्याला खळ्यात उभं केलंत आणि सांगितलंत, त्या शेवग्याकडे बघ, आणि दर पावलाला शेवग्याच्या जरा डावीकडे पाय टाक. तो निघाला आणि झाडाला वळसा घालत निघाला. मग म्हणालात अजून डावीकडे टाक. वळसा मोठा झाला. पोरगं तिथेच थांबून हसायला लागलं, "पप्पा, त्याला उत्तर दिशाच चुकीची सांगितलीय आपण!" तेच होतं. वाऱ्याने सरकला की जागेवर यायला बघायचा पण दिशा चुकीची म्हणून तिरपा जायचा, ते सुधारायला परत तिरपा.

आमच्या जीपीएसची दांडी जुलैत मोडली होती, म्हणून तो वरच्या प्लेटवर चिकटवलेला, बॅटरीच्या वायरींच्या शेजारी. कंपास त्याच्यातच असतो. थ्रॉटल वाढलं की वायरीतला करंट वाढायचा आणि लॉगमध्ये चुंबकाची रेघ त्याच्याबरोबर नाचायची. वर कंपासचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याला दिशा नीट शिकवणं, आम्ही सोसायटीच्या गच्चीवर केलेलं, खाली स्लॅबच्या सळ्या, माझ्या खिशात मोबाइल. नवीन दांडी लावली, लाल काळी वायर एकमेकीला पिळून घेतली, आणि मळ्याच्या मधोमध, पत्र्याच्या शेडपासून आणि ट्रॅक्टरपासून लांब, मोबाइल बाजेवर ठेवून परत कॅलिब्रेशन.

तिसऱ्या रविवारी संध्याकाळी तो लॉइटरला टाकून पोराने दोन्ही काड्या सोडून दिल्या. दोन्ही हात खाली. ड्रोन मांडवाच्या वर तसाच उभा, वारा आला की जरासा कलायचा आणि परत जागेवर. तुमची आई देवाला दिवा लावायला निघाली होती ती पण थांबून बघत होती. कोणीच काही बोललं नाही. मग बॅटरी सेलला ३.६ व्होल्टवर आली म्हणून उतरवावा लागला.

ताई, तुम्ही सुट्टीचे तीन रविवार दिलेत, एक तर भाऊबीज सोडून. पैशाचं विचारलं तर रागावलात. पण सगळ्यात जास्त मला हे सांगायचंय की तुम्ही तीनही रविवारी प्रश्न त्याला विचारलेत, मला नाही, आणि त्याचं उत्तर चुकलं तरी थांबून राहिलात. मी असं कधी केलं नव्हतं. आता करतोय, रोज जमत नाही पण करतोय.

मोडलेला हात त्याने टाकू दिला नाही, अभ्यासाच्या टेबलावर ठेवलाय. वहीत आता २३ ओळी झाल्यात. शेवटची ओळ परवाची आहे, सी ची नवीन मोटर बाकी तिघींपेक्षा थोडी जास्त तापतेय, आम्ही दोघांनी अजून कशालाही हात लावलेला नाही. स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं, त्याला काही ऐकू येत नाही, मला पण नाही. पुढच्या रविवारी तुम्हाला सुट्टी असेल तर मळ्यावर येतो, वही आणि लॉग दोन्ही घेऊन, आणि घरून तुमच्या आईसाठी मेथीचे लाडू येतायत.

तुमचा,
सिडकोतला दादा, आणि तुमचा भाचा