सांपेलाच्या काका-मावशींना आभाराचं पत्र

आदरणीय काका आणि मावशी,
सप्रेम नमस्कार.

समुद्रावर जगणाऱ्या लोकांविषयी मराठीत टिपणं तयार करायचं काम आम्ही काही जण मिळून करतो. बाजाव, म्हणजे आग्नेय आशियात समुद्रावर जगणाऱ्या तुमच्या लोकांवरचं टिपण आता पूर्ण झालंय. त्यातली कामाची जवळजवळ प्रत्येक ओळ तुम्ही दोघांनी न कंटाळता समजावून दिलेली आहे. त्याबद्दल मनापासून आभार. पत्र सगळ्यांसाठी खुलं ठेवलंय, म्हणजे ही माहिती कुणाची आहे हे वाचणाऱ्यालाही कळेल.

बाजावांचा विषय निघाला की बहुतेक जण पाणथरीपासूनच (प्लीहा, म्हणजे पोटातला रक्त साठवणारा अवयव) सुरुवात करतात. २०१८ साली इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या जया बक्ती गावात झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. शेजारच्या शेती करणाऱ्या सालुआन लोकांपेक्षा बाजावांची पाणथरी सुमारे ५० टक्के मोठी निघाली, आणि जे बुडी मारत नाहीत त्यांचीसुद्धा. बुडी मारल्यावर पाणथरी आकसते आणि प्राणवायू भरलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते, त्यामुळे दम जास्त टिकतो. हे सगळं खरं आहे. पण बुडी मारणाऱ्याचं पोट नुसत्या दमावर भरत नाही, त्याला हाताचं कसब लागतं. ते तुम्ही दाखवलंत.

काका, लाकडी चष्म्याचंच घ्या. चौकट ज्याची त्याच्या चेहऱ्यावर बसवून कोरायची, थोडं खरवडायचं, लावून बघायचं, पुन्हा खरवडायचं. भुवईखाली केसाएवढी फट राहिली तरी पाणी शिरतं. काच चिकटवायची आणि मागे रबराचा पट्टा बांधायचा, इतपत कुणालाही जमेल. पण चौकट उथळ का ठेवायची, हे तुमच्याशिवाय कुणी सांगितलं नसतं. या चष्म्यात नाक येत नाही, त्यामुळे नाकातून हवा सोडून आतला दाब सारखा करता येत नाही. १० मीटरवर बाहेरचा दाब दुप्पट होतो आणि आतली हवा तेवढीच राहते. मग डोळा आणि भोवतीची कातडी आत ओढली जाते, बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि डोळा लालभडक होतो. आत हवेची जागा जितकी कमी, तितकी ही ओढ कमी. आणि सर्दी असेल त्या दिवशी बुडी मारायचीच नाही, कारण कानाचा दाब सुटत नाही. हा नियम आम्ही टिपणात ठळक अक्षरात छापलाय.

ट्रेपांगची, म्हणजे वाळवलेल्या समुद्री काकडीची, पूर्ण कृती तुमच्यामुळे मिळाली. याच मालासाठी सुलावेसीकडची गलबतं शतकानुशतकं थेट उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत जात होती आणि माल चीनला पोचत होता. वाळूत राहणाऱ्या जातीला चीर लहानच द्यायची. दोन-तीन सेंटिमीटर पुरे. लांब चीर दिली तर उकळताना अंग उलगडतं आणि भाव पडतो. आतडी पिळून काढायची, समुद्राच्या पाण्यात उकळायची आणि सतत हलवत राहायचं, नाहीतर कातडी पिंपाच्या तळाला चिकटते. फुगलेल्याला सुईने टोचायचं. मग ओल्या वाळूत रात्रभर पुरायची. कातडीवरचा चुन्यासारखा थर तिथे सैल होतो, तो सकाळी घासून काढायचा. घाईत हा थर राहिला तर व्यापारी माल खालच्या प्रतीत टाकतो. त्यानंतर पुन्हा उकळायची आणि उन्हात किंवा धुरावर वाळवायची. ऊन चांगलं असलं तर तीन-चार दिवस लागतात. बाहेरून दगडासारखी झाली तरी आत ओल राहू शकते. तशीच पोत्यात भरली तर बुरशी एकीकडून सगळ्या पोत्यात पसरते. साधारण २० किलो ओल्या मालाचा किलोभर सुका माल होतो, हे ऐकल्यावर भाव इतका चढा का असतो ते कळतं.

मावशी, ओहोटीचं काम तुम्ही शिकवलंत. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सर्वांत जास्त ओसरतं, प्रवाळाचं पठार उघडं पडतं आणि बायका-मुलं शिंपल्या, ऑक्टोपस, सी अर्चिन वेचायला निघतात. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमारास पाणी फारसं ओसरत नाही तेव्हा, हे जमत नाही. दगड उलटला की तो होता तसाच परत ठेवायचा, कारण खालच्या बाजूचे जीव उन्हात मरतात आणि पुढच्या उधाणाला तो दगड रिकामा निघतो. इतकी साधी गोष्ट, पण आम्ही वाचलेल्या कुठल्याही लेखात ती नव्हती. कसोआमी या कसाव्याच्या कंदाच्या पदार्थाचीही कृती घेतली आहे: कसावा किसायचा, पिळून पाणी पूर्ण काढायचं, शंकूच्या आकाराच्या विणलेल्या साच्यात वाफवायचं. पिळण्यात कुचराई केली तर ती चिकट होते आणि होडीवर टिकत नाही.

कंप्रेसरबद्दल तुम्ही जे बोललात ते बोलणं सोपं नव्हतं. टायरमध्ये हवा भरायचं यंत्र होडीवर, त्याची प्लास्टिकची नळी दातात, आणि २०-३० मीटर खाली बराच वेळ काम. रक्तात मुरलेला नायट्रोजन घाईने वर येताना बुडबुडे होऊन बाहेर पडतो. सांधे दुखतात, पाय लुळे पडतात. यंत्राचा धूर हवा ओढणाऱ्या तोंडाकडे वळला तर खालच्या माणसाला वासही न येता कार्बन मोनॉक्साइड मिळतो. उथळ पाण्यातला माल संपला म्हणून पोरं खोल जातात, हे कारण तुम्ही पोरांवर न रागावता सांगितलंत. आम्हीही ते तसंच लिहिलंय.

तुमचं सांपेला ज्या बेटांत आहे ते वाकाटोबी १९९६ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. तरीही मासे अंडी घालायला कुठे जमतात, हे बाहेरच्यांना कळलं तर त्या जागा उरत नाहीत, असं तुम्ही म्हणाला होतात. त्यामुळे त्या चार ओळी आणि सोबतचा नकाशा टिपणातून काढला आहे. ट्रेपांगच्या भागात जातींची तुमच्याकडची नावं बाजाव भाषेत आहेत, ती मावशींनी एकदा तपासून कळवावीत. छापलेल्या प्रती पुढच्या बोटीने पाठवतो.

तुमचे ऋणी,
टिपणं करणारे आम्ही सर्व