शब्द बरोबर, जोर भलतीकडे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत रोज एक इंग्रजी शब्द अर्थासह आणि देवनागरीतील उच्चारासह छापला जातो. हे सदर मी नेमाने वाचतो. इंग्रजी शिकवण्यात उभी हयात गेल्यामुळे वाचताना हात आपोआप लाल पेनाकडे जातो, हा माझ्या सवयीचा दोष समजावा. सदर उपयुक्त आहे यात शंका नाही. मात्र त्यात एक उणीव सतत जाणवते आणि तीच उणीव आमच्या वर्गांमध्येही वर्षानुवर्षे राहून गेली असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. इंग्रजी शब्द उच्चारताना त्याच्या कोणत्या भागावर जोर द्यायचा, हे त्या सदरात कधीच सांगितलेले नसते.

माझा एक माजी विद्यार्थी नोकरीसाठी फोनवरून मुलाखत देत होता. त्याचे व्याकरण चोख, शब्दसंग्रह उत्तम. बोलण्याच्या ओघात 'एक्झिक्युटिव्ह' हा शब्द आला आणि पलीकडच्या व्यक्तीला तो कळला नाही. त्याने तो पुन्हा उच्चारला, मग आणखी मोठ्याने उच्चारला. तरीही 'पुन्हा सांगता का' हेच ऐकू आल्यावर त्याचा धीर सुटला आणि पुढची सगळी उत्तरे त्याने एकेका वाक्यात गुंडाळली. नंतर भेटायला आला तेव्हा 'सर, माझा ॲक्सेंट सुधारायला हवा' एवढेच म्हणाला. आम्ही दोघांनी तो शब्द तपासला. तो 'क्यु'वर जोर देत होता. इंग्रजीत तो 'इग्-झे-क्यु-टिव्ह' यातल्या 'झे'वर पडतो. बाकी कशालाही हात न लावता आम्ही तेवढाच जोर हलवला आणि तोच शब्द त्याच तोंडून स्पष्ट ऐकू येऊ लागला.

मराठी बोलताना आपण शब्दातल्या प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखाच न्याय देतो आणि जोर थोडा इकडेतिकडे झाला तरी अर्थाला धक्का लागत नाही. इंग्रजीत तसे नाही. 'फोटोग्राफ' म्हणताना जोर पहिल्या 'फो'वर असतो, त्याचा 'फोटोग्राफर' झाला की तो 'टॉ'वर सरकतो आणि 'फोटोग्राफिक' म्हणताना 'ग्रॅ'वर जातो. 'रेकॉर्ड' हे नाम असेल तर जोर सुरुवातीला आणि क्रियापद असेल तर शेवटी पडतो. जोर ज्या भागावर नसतो, तो भाग आक्रसतो आणि त्यातला स्वर बहुधा पुसट होतो. इंग्रजी बोलण्यात सर्वांत जास्त वेळा येणारा हा पुसट स्वर लिहिण्यासाठी त्या भाषेत स्वतंत्र अक्षरच नाही, आपल्याकडे मात्र तो वर्णमालेच्या अगदी सुरुवातीला 'अ' होऊन बसलेला आहे. तोंडात तयार असलेला हा स्वर आपली मुले इंग्रजी बोलताना वापरत नाहीत आणि 'प्रॉब्लेम', 'सिस्टीम', 'डिपार्टमेंट' असे स्पेलिंगमधले प्रत्येक अक्षर प्रामाणिकपणे मोजून देतात. इंग्रजी कानाला अपेक्षित असते 'प्रॉब्लम', 'सिस्टम', 'डिपार्टमंट'. (मराठीत बोलताना 'प्रॉब्लेम'च म्हणावे, तो शब्द आता आपला झाला आहे.)

या प्रामाणिकपणाचा दोष मुलांकडे जात नाही. इंग्रजीत अक्षरे 26 आणि प्रमाण ब्रिटिश उच्चारातले ध्वनी सुमारे 44. त्यात 1476 मध्ये विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना आणल्यानंतर स्पेलिंग हळूहळू गोठत गेले आणि त्याच काही शतकांत लोकांच्या तोंडचे दीर्घ स्वर मात्र बदलत राहिले. 'नाइफ'मधला 'के' एके काळी खरोखर उच्चारला जात असे. कर्ज या अर्थाच्या 'डेट' या शब्दातला 'बी' इंग्रजीत कधीच उच्चारला जात नव्हता, तो लॅटिन मूळ दाखवण्यासाठी पंडितांनी मागाहून घुसवला. हे सर्व ठाऊक असूनही स्पेलिंग पाठ व्हावे म्हणून मी स्वतः अनेक वर्षे वर्गाकडून 'वेड-नेस-डे' असे सुरात घोकून घेतले. स्पेलिंग पक्के झाले, पण त्यासोबत उच्चारही तसाच पक्का झाला आणि 'वेन्झडे' ऐकले की तीच मुले गोंधळू लागली. आज शिकवायला उभा राहिलो तर नवा शब्द आधी तीन-चार वेळा नुसता ऐकवीन, मुलांकडून टाळी देऊन जोराची जागा शोधून घेईन आणि मगच तो फळ्यावर लिहीन.

उच्चार सुधारायचा म्हणजे परक्यांच्या हेलाची नक्कल करायची, असा एक समज शिकवणीच्या जाहिरातींनी पसरवला आहे. मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग या अभ्यासकांनी 1995 मध्येच दाखवून दिले होते, की बोलणाऱ्याचा हेल ठळकपणे परका वाटला तरी त्याचे बोलणे पूर्णपणे समजू शकते. वेगवेगळ्या मातृभाषांचे लोक आपसात इंग्रजी बोलतात तेव्हा नेमके कुठे अडते, याचा अभ्यास करून जेनिफर जेन्किन्स यांनी 2000 मध्ये महत्त्वाच्या गोष्टींची एक यादी मांडली. 'थिंक' किंवा 'दिस' यांतला जीभ दातांत धरून काढायचा ध्वनी त्या यादीत नाही, म्हणजे आपला 'थ' आणि 'द' खुशाल चालू द्यावा. स्वरांची लांबी मात्र त्या यादीत आहे आणि तिथे आपण अडखळतो, कारण 'दिन' आणि 'दीन' हा फरक आपण लिहिताना कसोशीने पाळतो आणि बोलताना बहुधा विसरतो; तीच सवय 'शिप' आणि 'शीप' यांना एक करून टाकते. शब्दारंभीच्या 'प', 'ट', 'क' यांतून सुटणारा श्वासही तिथे आहे. ओठांसमोर कागदाची पातळ पट्टी धरून 'पेन' म्हणावे. इंग्रजी धाटणीने म्हटले तर पट्टी हलते, मराठी 'प'ने ती जागची हलत नाही. हा प्रयोग वर्गात केला की मागच्या बाकावरची मुलेसुद्धा पट्ट्या फाडून तयार असतात. दातांनी खालचा ओठ दाबून म्हणायचा 'व्ही' आणि ओठांचा चंबू करून म्हणायचा 'डब्ल्यू' यांतला भेद आरशात पाहून शिकता येतो. आपला 'व' या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे.

एवढे सारे शिकवले तरी बोलायला वेळ कुठून आणायचा, हा खरा अडसर आहे. वर्गात 60 मुले आणि तास 35 मिनिटांचा असेल, तर शिक्षकाने अवाक्षर न काढता एकेकाला उभे केले तरी प्रत्येकाच्या वाट्याला 35 सेकंद येतात. त्याच तासातली दहा मिनिटे मुलांना जोडीने बोलू दिले तर प्रत्येकाला पाच मिनिटे मिळतात. गोंगाट होतो हे मान्य. माझ्या वर्गाबाहेर मुख्याध्यापक दोनदा येऊन उभे राहिले होते. परंतु शांत वर्गात बोलणे शिकवता येत नाही, हे शाळांनी एकदा स्वीकारायला हवे. घरी मुलांनी अर्ध्या मिनिटाचे ध्वनिमुद्रण निवडावे, ते मजकूर न पाहता ऐकावे, जोराच्या शब्दांखाली रेघा ओढाव्यात, त्या आवाजासोबत बोलावे आणि शेवटी स्वतःचा आवाज मोबाइलवर मुद्रित करून दोन्ही लागोपाठ ऐकावेत. स्वतःचा आवाज ऐकणे पहिल्या आठवड्यात नकोसे वाटते, नंतर मुले आपल्या चुका आपणच पकडू लागतात. शिक्षकांनी आणि पालकांनी मात्र मूल बोलत असताना मध्येच तोडू नये. बोलणे पूर्ण होऊ द्यावे आणि अर्थ अडवणाऱ्या एक-दोन चुकाच नंतर सांगाव्यात; प्रत्येक शब्दाला टोकलेले मूल पुढच्या वेळी हात वर करत नाही.

आता मूळ विनंतीकडे येतो. सदरात शब्द छापताना जोराचा भाग ठळक टाइपात द्यावा आणि पुसट स्वराच्या जागी आपला 'अ' वापरावा, म्हणजे 'डेव्हलप' असे सरसकट न छापता 'डि-व्हे-लप' असे तुकडे पाडून त्यातला 'व्हे' ठळक करावा. यासाठी जादा जागा लागणार नाही. महिनाभराचे शब्द जोराच्या खुणांसह तपासून द्यायला मी तयार आहे. लाल पेन हाताशी आहेच.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक